संथ पाहुणे आणि सर्व्हरची पंगत

(बी. ए. द्वितीय वर्ष)

निकालाचा दिवस आपल्याकडे घरातल्या एका माणसाचा नसतो. तो साऱ्या घराचा असतो. पूर्वी निकाल वर्तमानपत्रात छापून येई आणि बैठक क्रमांकांच्या त्या दाट रांगांतून बोट फिरवीत आपला क्रमांक शोधावा लागे. आता तो संकेतस्थळावर येतो. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता राज्य मंडळाचा दहावीचा निकाल असाच जाहीर झाला. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावरून गुण दिले गेले होते. सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थी होते व निकाल ९९.९५ टक्के लागला. जवळजवळ सगळे पास झाले. नापास झाले ते संकेतस्थळ. कित्येक तास ते उघडेना. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्र्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

अशा वेळी आपण सगळे एकच वाक्य उच्चारतो, “सर्व्हर डाऊन आहे.” पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी हेच ऐकू येते, शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी हेच, प्रवेशाच्या वेळीही हेच. पाऊस लांबला म्हणावे तितक्या सहजतेने आपण हे वाक्य म्हणतो आणि स्वस्थ बसतो. परंतु पाऊस निसर्गाच्या हाती आहे, सर्व्हर माणसाच्या हाती आहे. तो का बसतो आणि बसू नये म्हणून काय करता येते, हे समजून घेणे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचेच काम आहे असे मला वाटत नाही. २०२१ च्या त्या यंत्रणेचे परीक्षण करण्याचा येथे हेतू नाही. गर्दीने सर्व्हर बसण्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एका कारणाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, कारण ते आपल्या भागाशी फार जवळून संबंधित आहे. ते कारण म्हणजे संथ जोडणी. कमजोर रेंजवरून हळूहळू बोलणारा मोबाईल.

सर्व्हर म्हणजे वाढपी

‘सर्व्हर’ या शब्दाचा सरळ अर्थ वाढणारा असा आहे. दूर कोठेतरी एक संगणक सतत चालू असतो. आपण मोबाईलवर बैठक क्रमांक घालून बटण दाबले की आपला मोबाईल त्या संगणकाशी जोडणी मागतो. जोडणी मिळाली की मागणी पाठवितो, सर्व्हर निकालाचे पान तयार करून परत पाठवितो, आणि मग जोडणी सुटते. मागणी, वाढणे आणि उठणे, अशी ही पंगतच आहे.

आता यात एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पान तयार करण्यास लागणारा वेळ वेगळा आणि ते पोहोचण्यास लागणारा वेळ वेगळा. सर्व्हरला एका विद्यार्थ्याचा निकाल शोधून पान तयार करण्यास सेकंदाचा शंभरावा भागही पुरू शकतो. ते पान परभणी शहरात चांगल्या रेंजवर असलेल्या मोबाईलला डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मिळेल. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात, जेथे रेंजची एकच काडी दिसते आणि तीही छतावर गेल्यावर, तेथे तेच पान थेंबाथेंबाने उतरेल. सर्व्हरचे काम दोघांसाठी सारखेच. परंतु त्याचे ताटकळणे सारखे नाही. सर्व्हर बसतो तो पुष्कळदा कामाने नव्हे, ताटकळण्याने बसतो, हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

एका पाहुण्यास एक वाढपी

सर्व्हर चालविण्याची जुनी आणि सोपी रीत अशी की येणाऱ्या प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र सेवक नेमून द्यावयाचा. संगणकाच्या भाषेत त्यास प्रोसेस किंवा थ्रेड म्हणतात. आपण वाढपीच म्हणू. १९९५ साली सुरू झालेला ॲपाची हा सर्व्हर वर्षानुवर्षे जगात सर्वाधिक वापरला गेला, तो याच रीतीने. प्रत्येक जोडणीस एक प्रोसेस, या पद्धतीत एका वेळच्या सेवकांची मर्यादा, कोणी बदलली नाही तर, २५६ इतकी ठरविलेली असते.

या रीतीत गुण आहेत. एका वाढप्याचे काही बिघडले तर दुसऱ्याचे बिघडत नाही. कार्यक्रम लिहिणाऱ्यालाही सोपे जाते, कारण एका वेळी एकाच पाहुण्याचा विचार करावा लागतो. दोष एवढाच, की पाहुणा जेवून हात धुवेपर्यंत वाढपी त्याच्या पानासमोरून हलत नाही. पाहुणा सावकाश जेवणारा असेल तर वाढपी हातात पळी धरून नुसता उभा. काम काही नाही, परंतु दुसऱ्याच्या पानावर जाण्याचीही मुभा नाही. असे २५६ वाढपी उभे राहिले की मांडवाच्या दारात पाहुण्यांची रीघ लागते. आत पाहावे तर चूल थंड आहे, आचारी बसून आहे, अन्न भरपूर आहे. आणि बाहेर मंडळी उपाशी आहेत.

थोडे गणित

गणित म्हटले की आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या कपाळावर आठी पडते. परंतु हे गणित गुणाकार भागाकाराच्या पलीकडचे नाही. रांगांच्या शास्त्रात एक फार सुंदर नियम आहे. त्याची सिद्धता जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ साली दिली. एखाद्या ठिकाणी एका वेळी सरासरी किती माणसे असतील? तर दर सेकंदाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाच्या मुक्कामाचा सरासरी वेळ. इतकेच.

आता तो आपल्या पंगतीला लावू. निकालाचे एक पान ५० किलोबाइटचे, म्हणजे ४०० किलोबिटचे आहे असे धरू. चांगल्या रेंजवर सगळा व्यवहार ०.१ सेकंदात आटोपतो. कमजोर रेंजवर सेकंदाला २० किलोबिट एवढाच वेग मिळतो, म्हणजे त्याच पानास २० सेकंद लागतात. वाढपी २५६. पान पूर्ण पोहोचेपर्यंत वाढपी अडकून राहतो असेही सोयीसाठी धरू.

सगळेच पाहुणे चपळ असतील, तर दर सेकंदाला २,५६० जणांना वाढून होते. पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांचा निकाल सुमारे दहा मिनिटांत वाटून संपतो.

सगळेच पाहुणे संथ असतील, तर दर सेकंदाला जेमतेम १३ जणांना वाढून होते; त्याच पावणेसोळा लाखांना सुमारे ३४ तास लागतात. संगणक तोच, पान तेच, निकाल तोच!

यावर कोणी म्हणेल की सगळेच संथ कशाला असतील? शंभरात दहाच संथ आहेत असे धरू. मग सरासरी मुक्काम २.०९ सेकंद होतो आणि सगळा निकाल वाटण्यास साडेतीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. इतकेच नव्हे, तर कोणत्याही क्षणी २५६ पैकी सुमारे २४५ वाढपी त्या दहा टक्के संथ पाहुण्यांसमोरच उभे असतात. उरलेल्या नव्वद टक्क्यांच्या वाट्याला अकरा वाढपी! म्हणजे पुण्याच्या मुलाचा निकाल अडतो तो पुण्यात रेंज नाही म्हणून नव्हे, तर पालमच्या मुलाकडे रेंज नाही म्हणून. खेड्यातली अडचण आपल्यापर्यंत येत नाही, असे शहराला वाटत असेल तर हा हिशोब त्याने एकदा मांडून पाहावा.

प्रत्यक्षात याहून अधिक बारकावे असतात. ऑपरेटिंग सिस्टिमजवळ प्रत्येक जोडणीसाठी थोडीशी साठवण असते. लहान पान त्यात मावले तर सेवक लवकर मोकळा होतो. उलट दिशेने पाहिले तर, पान घेऊन झाल्यावरही काही क्षण जोडणी उघडी ठेवण्याची पद्धत आहे, कारण तोच पाहुणा लगेच आणखी काही मागण्याचा संभव असतो. ॲपाचीत हा काळ ५ सेकंदांचा ठेवलेला असतो. अर्ज भरण्याच्या वेळी तर प्रश्न आणखी बिकट होतो, कारण तेथे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक यांची चित्रे पाहुण्याकडून सर्व्हरकडे जावयाची असतात. मोबाईलवरून पान घेण्यापेक्षा चढविणे बहुधा अधिक संथ असते, आणि तेवढा वेळ सेवक कान देऊन उभाच असतो.

त्यात माणसाचा स्वभाव भर घालतो. पान उघडले नाही की आपण पुन्हा पुन्हा बटण दाबतो. आपण सोडून दिलेली जुनी जोडणी सुटली आहे, हे सर्व्हरला नेहमी तत्काळ समजत नाही. म्हणजे एकच पाहुणा तीन पानांवर बसतो आणि एकाही पानावर जेवत नाही.

दहा हजारांचा प्रश्न

हा प्रश्न काही आपल्याकडेच उद्भवला असे नाही. १९९९ साली डॅन केगेल या अमेरिकन प्रोग्रॅमरने त्याला एक नाव दिले. ते ‘सी-टेन-के’, म्हणजे एका वेळी दहा हजार ग्राहक सांभाळण्याचा प्रश्न, म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रतिपादनातली मौज अशी की त्याने यंत्राची ताकद सरळ ग्राहकांत वाटून दाखविली. १,००० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २ गिगाबाइट मेमरी आणि सेकंदाला १,००० मेगाबिटची जोडणी असलेला संगणक वीस हजार ग्राहकांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलोहर्ट्झ, १०० किलोबाइट आणि सेकंदाला ५० किलोबिट येतात. एवढ्यात एका ग्राहकाला पान वाढता येणार नाही असे नाही. म्हणजे यंत्र अपुरे नव्हते. वाढण्याची रीत चुकत होती.

दहा हजार पाहुण्यांसाठी दहा हजार वाढपी ठेवून का चालत नाही? कारण वाढपी फुकट मिळत नाही. प्रत्येक प्रोसेसला स्वतःची मेमरी लागते. एकास १० मेगाबाइट लागली तर दहा हजारांना सुमारे १०० गिगाबाइट होतात. शिवाय इतक्यांना आळीपाळीने कामास लावण्यात प्रोसेसरचा बराच वेळ खर्च होतो. मांडवात पाहुण्यांपेक्षा वाढपीच इतके झाले की त्यांना चालायलाही वाट उरू नये, तसा हा प्रकार आहे.

जो हात वर करील त्याला वाढा

आपल्या गावच्या लग्नातली पंगत आठवून पाहा. दोनशे माणसे पत्रावळी मांडून बसलेली असतात आणि वाढपी असतात आठ-दहा. त्यांपैकी कोणीही एका पाहुण्यासमोर उभा राहत नाही. भात, वरण, बुंदी घेऊन ते पंगतीतून फिरतात. ज्याला हवे त्याच्या पानात वाढले की पुढे. म्हातारा माणूस सावकाश जेवत असेल तर त्याने तासभर जेवावे. त्याच्या संथपणाने वाढप्याचे पाऊल अडत नाही.

सर्व्हरची दुसरी रीत अगदी अशीच आहे. थोडे सेवक, बहुधा प्रोसेसरच्या गाभ्यामागे एक, असे ठेवावयाचे आणि प्रत्येकाने हजारो जोडण्या सांभाळावयाच्या. ज्या जोडणीवर या क्षणी काही करता येण्यासारखे आहे तेवढेच करावयाचे. थांबावे लागणार असेल तर कुठवर आलो याची नोंद करून पुढे जावयाचे. या नोंदीला फार थोडी जागा पुरते.

परंतु येथे एक अडचण येते. कोणाला हवे आहे हे वाढप्याला समजावयाचे कसे? जुनी सोय होती ‘सिलेक्ट’ या नावाची. ती १९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये आली. तिच्यात वाढप्याला दर फेरीस प्रत्येक पानापाशी थांबून “काय वाढू?” असे विचारीत जावे लागे. शंभर पाने असतील तर हे शोभते. दहा हजार पानांची पंगत असेल आणि त्यांतल्या दहाच जणांना काही हवे असेल, तर उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्वद जणांना विचारण्यातच दिवस जातो. शिवाय तिची मजल बहुधा १,०२४ जोडण्यांपर्यंतच जाई.

यावर उपाय निघाला तो असा, की ज्याला हवे त्यानेच हात वर करावा आणि वाढप्याच्या हाती फक्त हात वर केलेल्यांची यादी द्यावी. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २००० साली ‘केक्यू’ आणि लिनक्समध्ये २००२ साली ‘ईपोल’ या सोयी आल्या, त्या हेच करतात. आता वाढप्याचे श्रम बसलेल्यांच्या संख्येवर नव्हे, तर मागणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून राहू लागले. फरक वाचताना लहान वाटतो; परंतु दहा हजारांचा प्रश्न सुटला तो मुख्यतः याने.

या सोयींचा उत्तम उपयोग करणारा सर्व्हर म्हणजे एन्जिनएक्स. ईगोर सिसोयेव या रशियन अभियंत्याने २००२ मध्ये तो लिहावयास घेतला आणि २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. रॅम्बलर या रशियातील मोठ्या संकेतस्थळाची गर्दी सांभाळण्याच्या गरजेतून तो जन्मला. त्याच्या निर्मात्यांनी दिलेल्या माहितीप्रमाणे, उघड्या परंतु स्वस्थ बसलेल्या १०,००० जोडण्यांना त्यात सुमारे अडीच मेगाबाइट मेमरी लागते. वरच्या १०० गिगाबाइटशी हा आकडा ताडून पाहावा! पुढे ॲपाचीनेही २०१२ च्या २.४ या आवृत्तीपासून तशीच एक रीत आपल्यात पूर्णपणे सामावून घेतली. त्याच वर्षी व्हॉट्सॲपच्या अभियंत्यांनी एकाच सर्व्हरवर वीस लाखांहून अधिक जोडण्या सांभाळल्याचे जाहीर केले. त्यांची प्रणाली अर्लांग या भाषेत लिहिलेली होती. टेलिफोनच्या वाहतुकीतील प्रतीक्षेचे गणित १९०९ पासून मांडणाऱ्या अर्लांग या डॅनिश गणितज्ञाचे नाव त्या भाषेत वागते आहे. टेलिफोनच्या तारेवर ताटकळणाऱ्यांचा विचार शंभर वर्षांनी मोबाईलवर ताटकळणाऱ्यांच्या उपयोगी पडला, हा ज्ञानाचा प्रवास इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही मनोरंजक वाटावा.

वाढप्याची बादली

कोणी विचारील की निकाल शोधणे, अर्ज तपासणे हे काम फिरत्या वाढप्यानेच करावे काय? नाही. फिरता वाढपी वाटेत कांदा चिरीत बसला तर सगळी पंगत खोळंबते. या रीतीचा हाच मोठा धोका आहे: एका सेवकाच्या हाती हजारो जोडण्या असल्यामुळे त्याने एके ठिकाणी रेंगाळणे म्हणजे हजारोंना रेंगाळविणे होय.

म्हणून कामाची वाटणी करतात. मागे आचारी, म्हणजे माहिती शोधणारा व पान तयार करणारा कार्यक्रम. त्याच्यापुढे वाढपी, म्हणजे एन्जिनएक्ससारखा सर्व्हर. आचारी भाजीची पळी घेऊन पाहुण्याच्या तोंडाकडे पाहत बसत नाही. तो एका झटक्यात वाढप्याची बादली भरतो आणि चुलीकडे वळतो. मग ती बादली पाहुण्याच्या पानात दोन क्षणांत रिकामी होवो की वीस सेकंदांत, आचाऱ्याला त्याचे सोयरसुतक नाही. अर्ज येतानाही तसेच. संथ मोबाईलवरून तुकड्यातुकड्याने येणारा अर्ज वाढपी आपल्या बादलीत जमा करतो आणि तो संपूर्ण आल्यावरच आचाऱ्याच्या हाती देतो.

या रचनेत थोडे आचारी असले तरी चालते, कारण ते कधीच ताटकळत नाहीत. आपल्या गणितातला २० सेकंदांचा मुक्काम आता स्वस्तातल्या बादलीत होतो, महागड्या चुलीपाशी नव्हे. संथ पाहुण्याला आपल्या रेंजमुळे वीस सेकंद लागतातच. परंतु त्याच्यामुळे दुसऱ्याला लागत नाहीत, आणि दुसऱ्यांच्या गर्दीत त्याचीही जागा जात नाही.

संथ आणि लबाड

आता प्रश्नाच्या सर्वांत नाजूक भागाकडे वळू. २००९ साली रॉबर्ट हॅन्सन या सुरक्षातज्ज्ञाने ‘स्लोलॉरिस’ नावाचे एक साधन प्रसिद्ध केले. त्याची युक्ती अशी की एकाच संगणकाने सर्व्हरशी शेकडो जोडण्या करावयाच्या, मागणी अर्धवट पाठवावयाची आणि जोडणी तुटू नये इतपतच एखादी ओळ अधूनमधून टाकीत राहावयाचे. पंगतीत बसून दर पाच मिनिटांनी भाताचे एक शीत उचलावे आणि जागा अडवून ठेवावी, तसा हा प्रकार. एकास एक वाढपी देणारे सर्व्हर एवढ्यानेही बसत.

यावर सोपा उपाय कोणता? जो दहा सेकंदांत आटोपणार नाही त्याला उठवावे. हा उपाय पुष्कळ ठिकाणी करतातही. परंतु सर्व्हरच्या बाजूने पाहिले तर लबाड आणि लाचार या दोघांचे रूप एकच दिसते. दोघेही हळू बोलतात. सरसकट मुदत लावली तर लबाडाबरोबर तो मुलगाही बाहेर पडतो ज्याच्या गावात टॉवर लांब आहे.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पाच कागद चढवावयाचे होते. चौथ्या कागदापाशी वेळ संपल्याची सूचना येई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. अखेर तालुक्याच्या गावी जाऊन सेवा केंद्रात पैसे देऊन तो अर्ज भरला. वडिलांचा त्या दिवसाचा रोज बुडाला, एस. टी. चे भाडे गेले ते वेगळेच. एखाद्या यंत्रावर कोणीतरी लिहिलेला एक आकडा, अमुक सेकंदांनंतर जोडणी तोडावी, हा असा थेट एका घराच्या खर्चात येऊन पडतो. अर्थशास्त्राच्या तासाला आपण ‘अदृश्य खर्च’ शिकतो, तो हाच असावा.

याहून न्याय्य नियम करता येतो, आणि तो केलेलाही आहे. ॲपाचीच्या एका घटकात असा नियम आहे की मागणी पाठविण्यास पहिले २० सेकंद दिले जातात, आणि पुढे दर ५०० बाइट आले की एक सेकंद वाढवून मिळतो. म्हणजे ‘अमुक वेळात संपव’ असा हुकूम नाही. ‘सावकाश ये, पण येत राहा’ एवढीच अट आहे. कमजोर रेंजचा मोबाईलही सेकंदाला ५०० बाइट बहुधा पाठवू शकतो. शीत उचलून बसणाऱ्याला मात्र उठावे लागते. एकाच पत्त्यावरून शेकडो जोडण्या आल्या तर त्यांवर मर्यादा घालणे हा दुसरा उपाय. मात्र एका पत्त्यामागे कधी कधी एक संपूर्ण सेवा केंद्र किंवा मोबाईल कंपनीचे अनेक ग्राहक असतात, हे ध्यानात ठेवूनच ती मर्यादा ठरविली पाहिजे.

आणखी काही उपाय

वाढण्याची रीत सुधारली म्हणून सर्व प्रश्न सुटतात असे नाही. आचाऱ्याचेच काम संथ असेल, म्हणजे माहितीच्या कोठारातून निकाल शोधण्यासच वेळ लागत असेल, तर कितीही चांगला वाढपी काही करू शकत नाही. म्हणून आणखी तीन-चार गोष्टी सोबत कराव्या लागतात.

पहिली गोष्ट, जे आधी शिजवून ठेवता येते ते आधी शिजवावे. निकाल जाहीर होण्यापूर्वीच तयार असतो. प्रत्येक बैठक क्रमांकाचे पान अगोदर तयार करून ठेवले तर ऐन वेळी फक्त वाढणे उरते. दुसरी, पान हलके असावे. वर मांडलेल्या वेगाने १० किलोबाइटचे पान ४ सेकंदांत पोहोचते. तेच चित्रे व सजावट घालून २ मेगाबाइटचे केले तर तेरा मिनिटांहून अधिक लागतात. निकाल पाहणाऱ्याला गुण हवे असतात, मथळ्यावरची छायाचित्रे नव्हेत. तिसरी, पंगती अनेक ठिकाणी बसवाव्यात. अलीकडे मंडळाचा निकाल एकाच वेळी अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरमध्ये उपलब्ध होतो, तो याच तत्त्वावर. चौथी, जेथे जोडणी धरून बसण्याची गरजच नाही असा मार्ग ठेवावा. मोबाईलचा साधा लघुसंदेश १४० बाइटांचा असतो. त्यात इंग्रजी अक्षरे १६० आणि देवनागरी ७० मावतात. सहा विषयांचे गुण सांगण्यास तेवढे पुरेसे आहे.

अर्जाच्या मुदतीबाबतही विचार करता येईल. २०२३ च्या खरिपात राज्यातून पीक विम्याचे दीड कोटीहून अधिक अर्ज आले आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. सर्वांची पंगत शेवटच्या दिवशीच बसणार असेल तर मांडव कितीही मोठा घातला तरी अपुराच पडेल. जिल्हावार निरनिराळे दिवस ठरविणे, अर्धा भरलेला अर्ज जपून ठेवणे, तुटलेल्या ठिकाणापासून पुढे सुरू करू देणे, या गोष्टी यंत्रापेक्षा विचारावर अधिक अवलंबून आहेत.

समारोप

वरील विवेचनाचे सार असे: सर्व्हरची ताकद त्याच्या वेगावर जितकी अवलंबून आहे तितकीच तो कसा थांबतो यावरही आहे. एका संथ पाहुण्यासाठी एक सेवक अडकवून ठेवणारी रचना आधी संथांना आणि मग सर्वांना उपाशी ठेवते. नोंद ठेवून फिरणारी रचना दोघांनाही जेवू घालते. म्हणजे खेड्यातल्या माणसाला सामावून घेणे हा शहरातल्या माणसावर केलेला अन्याय नसून त्याचीही सोय आहे. दोघांचे हित येथे एकच आहे, आणि असे क्वचितच घडते.

आपण कला शाखेचे विद्यार्थी कदाचित सर्व्हर बांधणार नाही. परंतु उद्या आपल्यापैकी कोणी शाळेत, कोणी तहसीलीत, कोणी बँकेत, कोणी ग्रामपंचायतीत काम करील आणि आपल्या कार्यालयासाठी कोणाकडून तरी संकेतस्थळ करून घेईल. त्या वेळी करून देणाऱ्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. एका वेळी किती संथ जोडण्या घेऊन याची चाचणी केली आहे? कमजोर रेंजवर याचे पान उघडण्यास किती सेकंद लागतात? आणि मध्येच रेंज गेली तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो काय? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घेतल्याखेरीज काम स्वीकारू नये. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. पंगतीत शेवटी बसलेल्या माणसाच्या पानाकडे लक्ष असावे लागते.